अस्मानी, सुलतानी आणि सुरक्षित शहर

मराठी भाषेने संकटांची एक वाटणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. अवर्षण, अतिवृष्टी, टोळधाड ही अस्मानी. परचक्र, लूट, जुलमी वसुली ही सुलतानी. ही जोडी संतवाङ्मयात येते, आणि मक्त्याइजाऱ्याच्या जुन्या करारमदारांतही येते. करारात तिचे प्रयोजन अगदी व्यावहारिक असे. ठरलेला वसूल हाती आला नाही, तर तोटा कोणी सोसावयाचा, या प्रश्नाचे उत्तर तिच्या आधारे दिले जाई. म्हणजे वरवर पाहता संकटांचे वर्गीकरण वाटणारा हा शब्दप्रयोग वस्तुतः जबाबदारीची वाटणी करणारा आहे. जे अस्मानी ठरले त्याबद्दल कोणालाच जाब विचारता येत नाही. जे सुलतानी ठरले त्याला निदान नाव असते, गाव असते, शिक्का असतो.

भूकंपाला या दोन खणांपैकी कोणत्या खणात बसवावयाचे? तो आकाशातून येत नाही आणि राजवाड्यातूनही येत नाही. समुद्रकाठच्या महानगरांच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच बिकट होतो. कारण अशा नगरावर भूमी, समुद्र आणि आकाश या तिन्ही दिशांनी संकट येऊ शकते, आणि त्या तिन्हींच्या मध्ये माणसाने स्वतः उभे केलेले एक चौथे तत्त्व असते. ते म्हणजे नगर स्वतः. 'हे नगर नैसर्गिक आपत्तींपासून कितपत सुरक्षित आहे?' असा प्रश्न विचारला की त्याचे उत्तर भूवैज्ञानिकाने, हवामानशास्त्रज्ञाने आणि स्थापत्यविशारदाने द्यावे, अशी आपली अपेक्षा असते. ती रास्तच आहे. पण या प्रश्नाचा एक भाग असा आहे की जो त्यांच्या उपकरणांत मावत नाही. 'सुरक्षित' या शब्दाचा अर्थ काय, तो उच्चारण्याचा अधिकार कोणाला, आणि तो उच्चारल्यावर उच्चारणाऱ्यावर कोणते ऋण चढते, हे प्रश्न नीतिविचाराचे आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

•

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. गिरगावातील आमच्या चाळीत फडताळावरची पितळी भांडी वाजू लागली आणि बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे लाकडी जिन्यावरून खाली उतरली. थोड्या वेळाने सगळे परत वर गेले आणि बंब पेटले. कोयनानगर परिसरात त्या पहाटे दीडशेहून अधिक माणसे मेली, हे आम्हांला नंतर कळले. मोठ्या माणसांच्या बोलण्यातले एक वाक्य मात्र माझ्या मनात राहिले: 'मुंबई काळ्या पाषाणावर उभी आहे, तिला काही होत नाही.'

हे वाक्य निव्वळ भाबडेपणाचे होते असे म्हणता येणार नाही. दख्खनचा पाषाणी पाया हा भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असे त्या काळी शास्त्रज्ञही मानीत. कोयनेने त्या समजुतीला तडा दिला. धरणाच्या जलाशयाचा भूकंपाशी संबंध जोडणाऱ्या जागतिक अभ्यासात कोयनेचे नाव तेव्हापासून अग्रभागी आहे. त्यानंतर देशाचा भूकंपविभागांचा नकाशा सुधारण्यात आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला. अत्यल्प धोक्याचा म्हणून गणल्या गेलेल्या या भागात सुमारे दहा हजार माणसे मेली. २००२ साली नकाशा पुन्हा बदलला. सर्वांत कमी धोक्याचा पहिला विभाग त्यातून रद्दच झाला, आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. मुंबईही त्या नकाशात तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आहे.

यावरून शास्त्राला दोष देणे अन्यायाचे होईल. चूक कबूल करून नकाशा बदलणे हे शास्त्राच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण आहे. पण त्या दुरुस्तीचा क्रम नजरेआड करता येत नाही. आपल्याकडील नकाशे बहुधा मृतांनी दुरुस्त केलेले आहेत. आज ज्या ठिकाणी हलका रंग दिसतो, तेथे धोका नाही असा त्याचा अर्थ नसून तेथे अद्याप कोणी साक्ष दिलेली नाही, एवढाच असू शकतो.

ही साक्षही बऱ्याचदा गोंधळलेली असते. १७३७ साली कलकत्त्यात भूकंपाने तीन लाख माणसे मेली, अशी नोंद जगभरच्या भूकंपसूचींत पिढ्यान्‌पिढ्या वावरत होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ कागदपत्रे तपासली गेली, तेव्हा तो उत्पात मुख्यतः चक्रीवादळाचा होता आणि त्या काळच्या कलकत्त्याची लोकसंख्या त्या आकड्याच्या जवळपासही नव्हती, असे दिसून आले. मुंबईच्या नावावर १६१८ सालचा एक भूकंप जुन्या सूचींत आढळतो. तोही वस्तुतः वादळाचाच तडाखा असावा, अशी शंका घेण्यात आली आहे. याउलट १८८२ साली मुंबईत वादळाने एक लाख माणसे मेल्याची कथा अनेक पुस्तकांत उतरली. शोध घेतला असता तिला समकालीन आधार सापडला नाही. जे घडले ते विसरले जाते आणि जे घडलेच नाही ते स्मरणात राहते. नगराचे मूल्यमापन करणाऱ्याला अशा स्मृतीच्या पायावर गणित मांडावे लागते.

त्या गणिताची रीतही समजून घ्यावयास हवी. अनेक देशांतील बांधकामनियम असे गृहीत धरतात की, पन्नास वर्षांत ओलांडली जाण्याची शक्यता दहा टक्के असेल, एवढ्या हादऱ्याला इमारतीने तोंड द्यावे. हाच हिशेब उलटा मांडला, तर तो हादरा सरासरीने ४७५ वर्षांतून एकदा येणारा ठरतो. हा आकडा निर्दोष असू शकेल. पण दहाच टक्के का? पाच का नाहीत? वीस का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर पृथ्वीच्या पोटात नाही. किती धोका पत्करावा आणि त्यासाठी किती खर्च करावा, हा निर्णय कोणीतरी, कोणत्यातरी टेबलाशी बसून घेतलेला असतो. तो निर्णय नैतिक असतो. गणिताच्या वेषात वावरत असल्यामुळे त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही, इतकेच.

•

समुद्रकाठच्या नगराचा विनाश आणि नीतिविचार यांची गाठ युरोपात ज्या घटनेने घातली, ती लिस्बनची. १ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांच्या सणाचा दिवस. सकाळी चर्चे भाविकांनी भरलेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. भूकंपाने चर्चे कोसळली. जे नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, त्यांना थोड्याच वेळात समुद्राच्या लाटांनी गाठले. मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. मृतांचे अंदाज आजही एकमेकांशी जुळत नाहीत. पण ते हजारोंच्या घरात आहेत, यात शंका नाही.

भाविक ज्या क्षणी प्रार्थनेत होते, त्याच क्षणी त्यांच्यावर छत कोसळले, ही गोष्ट त्या काळच्या मनाला सहन होण्यासारखी नव्हती. व्हॉल्तेअरने या विनाशावर दीर्घ काव्य लिहिले आणि 'जे आहे ते सर्व चांगल्यासाठीच आहे' असे सांगणाऱ्या तत्त्वज्ञानावर त्यात प्रखर प्रहार केला. त्याचा रोख होता तो विश्वाच्या रचनेवर, म्हणजे आपल्या परिभाषेत अस्मानावर. ऑगस्ट १७५६ मध्ये रूसोने त्याला लिहिलेले पत्र या वादाला वेगळेच वळण देते. रूसोच्या युक्तिवादाचा आशय असा: सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे त्या एका जागी निसर्गाने रचलेली नव्हती. माणसे विरळ आणि हलक्या घरांतून राहिली असती, तर हानी फार कमी झाली असती. पहिल्या हादऱ्यानंतर कपडे, कागदपत्रे, पैसा घेण्यासाठी परत फिरलेले कितीजण मेले, हेही पाहावयास हवे.

रूसोचे हे म्हणणे काहीसे निष्ठुर वाटते. मेलेल्यांनाच दोष देण्याच्या काठावर ते उभे आहे. तरीही विचारांच्या इतिहासात येथे एक मोठे पाऊल पडले, असे मला वाटते. भूकंप आणि भूकंपाने आलेला मृत्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये मनुष्यकृत असे काहीतरी उभे असते, हे रूसोने स्पष्टपणे सांगितले. पृथ्वी हलते हे अस्मानी. ती हलल्यावर अमुक घर पडते आणि तमुक उभे राहते, यात सुलतानीचा शिरकाव झालेला असतो. त्याच वर्षी तरुण कांटने भूकंपाची नैसर्गिक कारणे शोधणारे तीन लेख लिहिले. त्याची भूगर्भातील पोकळ्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही. पण निसर्ग आपल्या सोयीप्रमाणे वागेल अशी अपेक्षा न ठेवता माणसाने आपली वस्ती निसर्गाशी जुळवून घ्यावी, हा त्याचा रोख टिकून आहे.

तत्त्वज्ञ वाद घालीत असताना लिस्बनमध्ये एक प्रशासक कामाला लागला होता. पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झालेल्या या मंत्र्याने देशभरच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली पाठवली. हादरा किती वेळ टिकला, समुद्र आधी ओसरला की चढला, किती घरे पडली, किती माणसे मेली, असे ते प्रश्न होते. नव्या घरांच्या भिंतींत लाकडी पिंजऱ्यासारखा सांगाडा बसवण्यात आला आणि त्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना पावले आपटीत चालावयास लावून तो पारखला गेला, असे सांगतात. 'हे का घडले?' या प्रश्नाबरोबरच 'नेमके काय घडले?' हा प्रश्न विचारणे, ही आपत्तीकडे पाहण्याची नवी दृष्टी होती.

परंतु या कथेला एक काळी बाजूही आहे. भूकंप हा लोकांच्या पापांबद्दलचा दैवी कोप आहे, असा प्रचार करणारा वृद्ध जेझुइट धर्मोपदेशक मालाग्रिदा याला १७६१ साली धर्मन्यायालयाने पाखंडी ठरवले आणि त्याला देहान्त शासन झाले. त्यामागे पोंबालचा हात होता. त्याचे निदान चुकीचे होते, हे खरेच. पण चुकीच्या निदानाला फास हे उत्तर नव्हे. नगर विवेकाने बांधणारा हात जुलमीही असू शकतो. कार्यक्षम सुलतान हा अखेर सुलतानच असतो, हे आपत्तिव्यवस्थापनाच्या आजच्या उत्साहातही विसरून चालणार नाही.

•

हाच वाद आपल्या देशात अधिक करुण आणि अधिक उदात्त पातळीवर झाला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. महात्मा गांधी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणासाठी दक्षिणेत दौऱ्यावर होते. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेले हे दैवी शासन आहे, असे ते म्हणाले. रवींद्रनाथ ठाकुरांना हे मुळीच मान्य झाले नाही. भौतिक उत्पाताची कारणे भौतिकच असतात. त्यांना नीतीचा अर्थ चिकटवला, तर विरोधकही तेच हत्यार उलटे फिरवतील, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. गांधीजींनी तो आक्षेप 'हरिजन'मध्ये छापला आणि आपली श्रद्धा सोडावयास नकार देणारे उत्तरही दिले.

कार्यकारणाच्या प्रश्नावर रवींद्रनाथच बरोबर होते, याविषयी आज दुमत होण्याचे कारण नाही. बिहारमध्ये मेलेल्यांत अस्पृश्यही असणार. मग पाप कोणाचे आणि शासन कोणाला? तरीही गांधीजींच्या चुकीच्या विधानात एक नैतिक अस्वस्थता आहे, आणि ती मला टाकून द्यावीशी वाटत नाही. एवढे मोठे संकट येऊन गेल्यावर 'यात आपला काही संबंध नाही' असे म्हणावयास ते तयार नव्हते. त्यांनी संबंध जोडला तो चुकीच्या जागी. अन्यायाने भूकंप होत नाही. पण भूकंप कोणाला मारील, हे पुष्कळ अंशी अन्याय ठरवतो. रवींद्रनाथांचे कार्यकारण आणि गांधीजींची अस्वस्थता, ही दोन्ही एकत्र ठेवली तरच आपत्तीचा नीट विचार करता येतो, असे मला वाटते.

किल्लारीत याचे प्रत्यंतर आले. जाड दगडी भिंती, मातीचा सांधा आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या भिंतींनीच झोपलेल्या माणसांना गाडले. पुनर्वसनात जी घरे मिळाली, ती जमीनधारणेच्या हिशेबाने लहानमोठी ठरली. भूमिहीनाला सर्वांत लहान. भूकंपाने एका रात्रीत पुसलेली उतरंड नव्या आराखड्यावर पुन्हा काढली गेली. हे कोणत्या खणात टाकावयाचे, ते सांगण्याची गरज नाही.

•

आता 'सुरक्षित' या शब्दाकडे वळू. 'धोका' हा शब्द मराठीत मुख्यतः संकटाची शक्यता दाखवतो. हिंदीत त्याच शब्दाचा सख्खा भाऊ फसवणूक दाखवतो. मराठीतही 'धोका दिला' असे म्हणताना हा दुसरा अर्थ डोकावतोच. भाषेने हे दोन अर्थ एकत्र नांदवले, ते मला अर्थपूर्ण वाटते. कारण सर्वांत मोठा धोका बहुधा तोच असतो, ज्याविषयी आपल्याला आश्वस्त करण्यात आलेले असते.

इटलीतील लाक्विला या शहराला २००९ च्या आरंभी काही महिने लहान हादरे बसत होते. तेथे जुनी रीत अशी की, हादरा बसला की माणसे घराबाहेर पडून रात्र उघड्यावर काढीत. ३१ मार्चला तज्ज्ञांची एक बैठक झाली, आणि काळजीचे कारण नाही, असा संदेश लोकांपर्यंत पोहोचला. ६ एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसे मेली. त्या रात्री आश्वासनामुळे घरातच थांबलेल्यांचे नातलग न्यायालयात गेले. २०१२ साली सहा शास्त्रज्ञ व एक अधिकारी यांना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ च्या अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले आणि अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली.

भूकंपाचे भाकीत न केल्याबद्दल शास्त्रज्ञांना शिक्षा, असा या खटल्याचा गवगवा जगभर झाला. वस्तुतः आरोप भाकीत न केल्याचा नव्हता. भाकीत अशक्य आहे, हे सर्वांना मान्यच होते. आरोप होता तो धीर दिल्याचा. 'आम्हांला ठाऊक नाही' आणि 'भिण्याचे कारण नाही' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्या अंतरात माणसे मेली, असे फिर्यादींचे म्हणणे होते. किल्लारीलाही १९९२ मध्ये हादरे बसत होते. मग ते ओसरले आणि त्यांच्याबरोबर भीतीही ओसरली.

आश्वासन हे केवळ माहितीचे विधान नसते. ते एक प्रकारचे वचन असते. 'हे शहर सुरक्षित आहे' असे जो म्हणतो, तो ऐकणाऱ्याची सावधगिरी स्वतःकडे ठेव म्हणून मागून घेतो. जुन्या व्यवहारात दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या मौल्यवान ऐवजाला 'जोखीम' म्हणत. ती हरवली तर ठेवून घेणाऱ्याने जाब द्यावा, हा साधा न्याय होता. आजच्या जोखीम-मूल्यमापनात शब्द राहिला आहे; ठेवीची जाणीव मात्र सुटली आहे.

•

मुंबईकडे परत येऊ. सात बेटांमधील खाड्या बुजवून हे नगर उभे राहिले. 'काळ्या पाषाणा'ची माझ्या बालपणीची ग्वाही अर्ध्याच मुंबईला लागू आहे. उरलेली मुंबई भरावावर आहे, आणि सैल भराव हादरा वाढवतो, हे स्थापत्यशास्त्राला ठाऊक आहे. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरले, तेव्हा दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील कितींच्या तळमजल्यावर भिंती नव्हत्या, मोटारींसाठी मोकळे खांब होते. अशा खांबांवर उभ्या असलेल्या इमारती मुंबईकराने मोजू नयेत; झोप उडेल.

समुद्राकडूनही पूर्वसूचना मिळालेली आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यापाशी झालेल्या भूकंपाच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत आल्या. येथे पाणी सुमारे दोन मीटर चढले आणि काही माणसे वाहून गेली, अशी नोंद आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये चक्रीवादळाने शहराला झोडपले. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडाच्या किनाऱ्यावर चढले आणि मुंबई वाचली. 'मुंबई वाचली' या वाक्यात श्रीवर्धन-मुरुडच्या पडलेल्या नारळी-पोफळीच्या बागा कोठे बसतात, हा प्रश्न त्या दिवशी फार थोड्यांना पडला असेल.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. कुलाब्याला त्याच काळात शंभर मिलीमीटरही नाही. एकाच शहराला एकाच दिवशी दोन आकाशे होती. पाऊस अस्मानी होता, हे कोणीही नाकारणार नाही. पण विहार-पवईच्या तलावांतून निघून माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या मिठी नदीचे पात्र आवळणे, ते विमानतळाच्या धावपट्टीखालून वळवणे, तिच्या मुखाशी भराव घालून व्यापारी संकुल उभारणे, हे काही आकाशाने केले नव्हते. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या जुन्या व्यवस्थेची क्षमता ताशी २५ मिलीमीटर होती, आणि ती वाढवण्याचा अहवाल १९९३ सालीच तयार झाला होता. तो बारा वर्षे बहुतांशी कागदावरच राहिला. त्या दिवशी शहरात चारशेहून अधिक माणसे मेली. साकीनाक्याच्या उतारावरची वस्ती दरडीखाली गाडली गेली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या जिद्दीचे कौतुक सुरू झाले. अनोळखी माणसांनी एकमेकांना घरात घेतले, जेवू घातले; हे सगळे खरे होते आणि सुंदरही होते. पण सोसणाऱ्याचे कौतुक वारंवार होऊ लागले की, त्याने पुढेही सोसावे, अशी त्यात एक मूक मागणी येऊन बसते.

आता या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो गंभीर आहे. धोका सांगत सुटावे, तर 'धोकादायक' हा शब्दही सत्तेच्या हाती शस्त्र होतो. मुंबईत १९६९ साली मोजलेल्या सुमारे १९,६०० जुन्या उपकरप्राप्त इमारतींची कथा ही त्याचे उदाहरण आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, आणि मालकांनी डागडुजी सोडली. आज एखादी चाळ 'धोकादायक' ठरते, तेव्हा त्या घोषणेत रहिवाशाचा जीव वाचवण्याची इच्छा किती आणि खालच्या जमिनीची किंमत किती, हे सांगणे कठीण असते.

आमच्या चाळीवर काही वर्षांपूर्वी तशी पाटी लागली. मी तेथे राहत नसलो, तरी अधूनमधून जातो. दुसऱ्या मजल्यावरच्या वृद्ध काकू अजून तेथेच आहेत. मी त्यांना म्हणालो, 'काकू, आता हलायला हवं.' त्या म्हणाल्या, 'अरे, ही पडेल असं पाटीवर लिहिलंय. पण मग जायचं कुठं, ते लिहिलंय का? आमच्या समोरचे संक्रमण शिबिरात गेले, त्यांची नातवंडं तिथंच लग्नाला आली.' माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांना धोका ठाऊक होता. माझ्यापेक्षा अधिक नेमका ठाऊक होता. तरीही त्या तेथे राहतात, हा त्यांचा मुक्त निर्णय आहे, असे म्हणण्यास माझी जीभ वळेना. ज्याच्यासमोर दुसरा दरवाजाच नाही, त्याने पहिल्या दरवाजाची निवड केली, असे आपण म्हणत नाही.

म्हणून या आक्षेपाचे उत्तर धोका लपवणे हे नाही. धोका सांगणे आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट दाखवणे, ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत. पहिले टाळणारा फसवतो, आणि दुसरे टाळणारा हाकलून देतो.

दुसराही एक आक्षेप आहे. पूर्ण सुरक्षित असे शहर पृथ्वीच्या पाठीवर नाही. मग ही चिकित्सा हवी कशाला? अर्थात पूर्ण सुरक्षितता कोठेच नाही. पूर्ण आरोग्यही कोठे नसते. म्हणून वैद्यकाचा विचार कोणी सोडून दिला नाही. येथे मागणी निसर्गावर विजयाची नाही. ती तीन साध्या गोष्टींची आहे. ज्याच्या डोक्यावर छत आहे, त्याला त्या छताविषयीचे सत्य त्याच्या भाषेत कळावे. जो धोका गणिताने पत्करावयाचा, तो कोणी कोणासाठी पत्करला, हे उघड असावे. आणि संकटाचा भार ज्यांच्यावर सर्वांत जास्त पडणार, ते निर्णयाच्या जागी केवळ आकडा म्हणून नसावेत. या तीन कसोट्या लावल्या, तर 'मुंबई सुरक्षित आहे का?' या प्रश्नाचे उत्तर भूकंपाच्या आधीच पुष्कळसे देता येते.

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर आनेयोशी नावाची लहानशी वस्ती आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर तेथे एक शिला उभारण्यात आली. या जागेच्या खाली घर बांधू नये, अशी सूचना तिच्यावर कोरलेली आहे. गावकऱ्यांनी ती पाळली. मार्च २०११ मध्ये लाट आली, ती त्या शिलेच्या खालीच थांबली. ती शिला कोणी सुलतानाने उभारली नव्हती, आणि तिच्यात शास्त्राची परिभाषाही नव्हती. मृतांनी दिलेली साक्ष जिवंतांनी जपून ठेवली होती, एवढेच.

१९४५ साली मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चढले, ही गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर एका पुस्तकात वाचून कळली. माझे बालपण चौपाटीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर गेले. चाळीत त्या काळी १९४५ पाहिलेली माणसे डझनांनी होती. माझे आजोबाही होते. युद्ध, रेशन, गोदीतला स्फोट यांच्या कथा त्यांनी आम्हांला कितीदा सांगितल्या. त्या पाण्याविषयी कोणी कधी बोलल्याचे मला आठवत नाही. गेल्या महिन्यात काकूंकडे गेलो, तेव्हा त्यांना ते सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, 'मग तेव्हा किती वाहून गेले, त्यांची नावं कुठं लिहून ठेवली आहेत का रे?'